ॲक्रिलिकचे दोन तुकडे नेमके कुठे टेकतात

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला घर्षण घेतलं तेव्हा वाटलं होतं, सोपं काम आहे. ॲक्रिलिकचे (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करायचे, एकावर एक ठेवायचे, खालून उजेड सोडायचा आणि वरून सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. खरखरीत जागी उजेड विखुरतो. दोन्ही तुकडे खरोखर टेकलेत तिथून मात्र तो सरळ पार होतो, म्हणून तेवढाच ठिपका चमकतो. भूकंपाचे अभ्यासक डीटरिच आणि किलगोर यांनी १९९४मध्ये ही युक्ती वापरली होती. (किल्लारीच्या दुसऱ्याच वर्षी. त्या पहाटे सोलापूरही हललं होतं, आप्पा अजून सांगतात.)

पहिला आठवडा फुकट गेला. चाळीसपट मोठं दाखवणारी लेन्स लावली, तर फोकस व्हायच्या आधीच ती वरच्या तुकड्याला टेकली. तो ३ मिलिमीटर जाड होता. दहापटीची लावली तेव्हा जमलं. मग तुकडे ॲसिटोनने पुसले आणि ते पांढरट पडले. ॲसिटोन ॲक्रिलिकला खातं, हे बाटली हातात घेण्याआधी आठवायला हवं होतं. नवे तुकडे साबणाच्या पाण्याने धुतले.

शेवटचा अडथळा घरचाच. खाली आमचे माग. कापसाचे तंतू सगळीकडे उडतात, आणि एक तंतू मध्ये सापडला तरी दोन्ही तुकडे वेगळे राहतात. शिवाय माग चालू असले की चित्र थरथरतं. म्हणून माग थांबल्यावर रात्री बसायचो. आप्पा विचारायचे, "काय बघायलास एवढं?"

दोन किलोचं वजन ठेवल्यावर दृष्टिक्षेत्रात सात-आठ ठिपके दिसले, चार किलोला पंधरा-सोळा. बाकी सगळी पोकळी! खरा स्पर्श हजारातला एक भागही नाही. १६९९मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँतों यांनी मांडलं होतं की घर्षण दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नाही, वजनावर अवलंबून असतं. शाळेत ते पाठ केलं होतं. कारण आत्ता दिसलं. वजन दुप्पट, तर टेकलेली जागाही दुप्पट.

एकदा वजन तसंच ठेवून चहाला गेलो. परत आलो तर ठिपके किंचित मोठे. फोकस हलला असेल म्हणून पुन्हा केलं, तिन्ही वेळा तेच. ॲक्रिलिक भाराखाली हळूहळू दबत राहतं. तेव्हापासून प्रत्येक फोटोवर वजनासोबत वेळही लिहायला लागलो. आधीचे चाळीस फोटो मात्र वाया गेले.