पाण्यासकट आकृती

रसायनशास्त्राच्या आमच्या सरांचा एक दंडक होता. फळ्यावर अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एक कडी, काढले की त्याच्याभोवती पाणीही काढायचे. पाठ्यपुस्तकात रेणू कोऱ्या कागदावर एकटेच असतात. सर त्या आकृतीवर बोट ठेवून विचारायचे, "आनी उदक खंय?" म्हणजे, आणि पाणी कुठे? शिकवणे इंग्रजीतून, पण आम्हा गोव्यातल्या डिचोलीच्या मुलांना खोलात न्यायचे झाले की ते कोकणी-मराठीवर यायचे.

मग मोजणी. हायड्रोजन बंध म्हणजे एका रेणूतला हायड्रोजन आणि शेजारचा ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांच्यातली कमजोर ओढ. सेरीन या अमिनो आम्लाच्या साइड चेनवरचा, म्हणजे त्याच्या बाजूच्या फांदीवरचा, ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट अशा बंधासाठी एक हायड्रोजन पुढे करतो आणि दोन बंध स्वीकारू शकतो. आर्जिनिन पाच हायड्रोजन पुढे करते, स्वीकारत काहीच नाही. व्हॅलिनकडे नुसते कार्बन-हायड्रोजन. पाण्याने धरायचे तरी कशाला? असा बंध मोलमागे साधारण 20 किलोज्यूलचा, म्हणजे पाण्यातल्या ओएच बंधाच्या वीसाव्या हिश्शाइतकाही नाही. पाण्यात तो सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास सुटतो आणि दुसरा जुळतो, फुगडीत जोडी बदलावी तसा.

सरांचा खरा प्रश्न पुढे यायचा. प्रथिनाची साखळी दुमडली की आत नवे हायड्रोजन बंध होतात, हे सगळेच सांगतात. पण उलगडलेल्या साखळीने पाण्याशी जे बंध धरले होते ते सुटले, त्यांची वजाबाकी कोण करणार? ती केली की निव्वळ लाभ फार थोडा उरतो. दुमडण्याला मोठा जोर मिळतो तो व्हॅलिन, ल्युसिनसारख्या पाणी टाळणाऱ्या साइड चेन आत दडतात म्हणून. बारावीत हे इतक्या नेटाने शिकवणारा शिक्षक लाभला, हे मी माझे मोठे भाग्य मानतो.

सिकल सेलचा धडाही त्यांनी असाच घेतला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ही अदलाबदल व्हर्नन इनग्रॅम यांनी 1957 मध्ये दाखवली. पाण्याला धरून राहणारी साइड चेन गेली, टाळणारी आली. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडल्यावर ती शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत रुतते, त्यातून लांब तंतू बनतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते.

आज मी प्रथिनांच्या रचनांवरच काम करतो. क्ष-किरणांनी मिळवलेल्या प्रथिनाच्या नकाशात पाणी म्हणजे बहुधा ऑक्सिजनचा एक ठिपका. शेजारच्या अणूपासून तो 2.8 अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आसपास असला की तिथे हायड्रोजन बंध असावा, असे आम्ही ताडतो. न्यूट्रॉन वापरले तर हायड्रोजनही दिसू शकतात, आणि पाण्याचा रेणू कुठे तोंड करून आहे तेही कळते. सर इकडे येणार आहेत असे ऐकतो. असा एक नकाशा छापून ठेवला आहे, तो त्यांच्या हाती द्यायचा आहे.