सी-१ च लिहा, सर

गेल्या महिन्यात एका नगरपालिकेच्या सांस्कृतिक भवनाचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, केली. सत्तरच्या दशकातली इमारत. गिलावा नाही, रंग नाही, नुसतं करडं काँक्रीट. गावातली लग्नं, रक्तदान शिबिरं, नाट्यस्पर्धा सगळं तिथंच होतं, आणि गाव तिला 'गोडाऊन' म्हणतं.

हातोडी बाहेर काढायच्या आधीच नगर अभियंता म्हणाले, "सी-१ च येणार ना, सर?" सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तपासणीआधी निकाल मागायची पद्धत आता सगळीकडेच रुळली आहे, आणि तो देणारेही आमच्यातच आहेत.

सभागृहाचं छत घड्यांचं आहे. कागदाला घड्या घातल्या की तो ताठ राहतो, तसा पातळ स्लॅब खांबांमधलं मोठं अंतर पेलतो. अहमदाबादच्या टागोर हॉलमध्ये वास्तुकार बाळकृष्ण दोशी आणि अभियंता महेंद्र राज यांनी हेच तत्त्व वापरलं. तेव्हा पोलाद महाग होतं आणि सुताराचा हात स्वस्त. इथल्या बीमच्या पोटाला शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात, एका ठिकाणी तर लाकडाची गाठसुद्धा उमटली आहे. फळ्यांच्या सांध्यातून कुठंही लगदा गळालेला नाही. गिलावा करायचाच नाही म्हणून इतकं जपून काम केलेलं. आज असं साच्याचं काम करून द्या म्हटलं तर ठेकेदार फोन उचलणार नाही.

छताखाली हातोडी खणखणीत वाजली. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन मारलं. सळईला गंजापासून वाचवणारी काँक्रीटमधली अल्कली शाबूत असेल तिथं ते गडद गुलाबी होतं, अल्कली संपली असेल तिथं रंग येत नाही. बिनरंगाचा थर १५ मिलीमीटरच्या आसपास, सळईवरचं काँक्रीटचं आवरण २५. म्हणजे सळई अजून सुरक्षित.

मागच्या व्हरांड्यात मात्र आवाज बद्द आला. दोन बीमचे पोपडे सुटलेले, सळया फुगलेल्या. वर चढलो तर छताच्या पन्हळींची तोंडं मातीनं आणि पिंपळाच्या मुळांनी बुजलेली, तळं साचून पाणी थेट त्या बीमवर उतरत होतं. शेजारी एसीच्या पाइपसाठी बीममधून आरपार भोक पाडलेलं, एक सळई कापून! जुने शिपाईमामा म्हणाले, "मी होतो तवर मे महिन्यात पन्हळी साफ करायचो. नंतर कुणाला सांगितलंच नाही." त्या इमारतीचा आजार इतकाच आहे, आणि दोष काँक्रीटच्या माथी मारला जातोय.

दिल्लीत वास्तुकार राज रेवाल आणि महेंद्र राज यांचा १९७२ चा हॉल ऑफ नेशन्स हा काँक्रीटचा प्रदर्शन हॉल २०१७ मध्ये पाडला. वारसा समितीची अट ६० वर्षांची होती, आणि तो तेवढा जुना नव्हता. आमच्या या भवनाला तर कुणी वारसा म्हणणारही नाही.

माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच. व्हरांड्याचे ते दोन बीम खरोखर वाईट आहेत. कडक हात ठेवून सी-२ए लिहिलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण सरकारी इमारत एकदा रिकामी झाली की कुलूप लागतं, पुढच्या पावसाळ्यात कुणी वर चढत नाही आणि दोन-तीन वर्षांत ती खरोखरच सी-१ होते. हे मी पाहिलंय. उलट सी-२बी लिहिलं आणि त्यांनी टेकू लावलेच नाहीत, तर त्या व्हरांड्यात लग्नाच्या पंगती बसतात.

शेवटी सी-२बी लिहिलं. अट घातली: व्हरांडा आजपासून बंद, दोन्ही बीमखाली लोखंडी टेकू, पन्हळी पावसाआधी मोकळ्या. अभियंता नाराज झाले. नव्या काचेच्या भवनाचं चित्र त्यांच्या टेबलावर आधीच होतं. मी त्यांच्याकडे टेकू लावल्याचे फोटो मागितलेत. अजून आलेले नाहीत. सोमवारपर्यंत आले नाहीत तर स्वतः जाऊन व्हरांड्याला पत्रे ठोकून घेणार आहे.