गेंडा, साखळी आणि चौदा मिनिटं

गेल्या रविवारी पुण्याच्या सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या मंदिरासमोर आमच्या गाइड अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. एक थांबा, दहा मिनिटं, पंधरा माणसं. बारा मिनिटांच्या पुढे गेलं की नापास. एक मुलगी चौदा मिनिटं घेऊन बसली. तिच्या गुणपत्रिकेवर मी सही केली आणि ती सही तेव्हापासून खुपते आहे.

लोकांना वाटतं गाइडची परीक्षा म्हणजे पाठांतराची. पहिली दोन मिनिटं आम्ही पाठांतर ऐकतच नाही, पाय बघतो. शेवटचा माणूस येऊन पोचेपर्यंत गाइड गप्प राहिला का? ऊन असेल तर ते स्वतःच्या तोंडावर घेतलं की लोकांच्या? भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तर ज्याच्याबद्दल बोलायचं तेच झाकलं जातं, म्हणून बाजूला, तिरकं उभं राहायचं. गल्लीतून दुचाकी गेली तर आवाज चढवायचा नाही, ती जाईपर्यंत थांबायचं. प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. नवशिके दोनवरच उत्तर देऊन टाकतात, आणि मग पुढच्या सगळ्या थांब्यांवर लोक तोंड उघडत नाहीत.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. काळ्या पाषाणाला असा उजेड वाईट. सावली पडत नाही, त्यामुळे कोरीव कामाचा उठाव दिसत नाही, नुसती काळी भिंत दिसते. यासाठी टॉर्च लागतो, आणि तो धरायचा कसा हे शिकवावंच लागतं. समोरून मारला तर होतं ते शिल्पही सपाट होतं. भिंतीपासून वीतभर अंतरावर, जवळजवळ भिंतीला समांतर, आडवा धरायचा. मग कातडीच्या घड्या, साखळीच्या कड्या एकेक करून वर येतात. बोट लावायचं नाही, काठीही टेकवायची नाही. जागा शब्दांनी दाखवायची.

मंदिर भीमगीरजी गोसाव्यांनी बांधलं. काम १७५४ मध्ये सुरू झालं, १७७० मध्ये मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, तळघरात समाधी, गाभाऱ्यापाशी संस्कृत आणि फारसी शिलालेख. पण फेरीतली सगळी गर्दी जमते ती दर्शनी भिंतीवरच्या एका शिल्पापाशी. साहेबी पोशाखातली माणसं एका गेंड्याला साखळदंडांनी बांधताहेत.

हा थांबा आधी एका मुलाने घेतला. त्याचं सूत्रवाक्य, म्हणजे सगळं बांधून ठेवणारं एक वाक्य, चोख होतं: प्लासीच्या लढाईनंतर बंगाल आणि आसाम इंग्रजांच्या घशात गेले, ते पुण्याच्या पाथरवटाने दगडात लिहून ठेवलं. साडेनऊ मिनिटं, आवाज खणखणीत, शेवटी टाळ्या. सहपरीक्षकांनी भरभरून गुण दिले. मीही कमी दिले नाहीत, कारण आमच्या तक्त्यात सूत्र, मांडणी, वेळ, आवाज, सहभाग असे रकाने आहेत आणि त्या सगळ्यांत तो बसत होता. पण आसाम ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला १८२६ मध्ये, ब्रह्मदेशाशी झालेल्या यांदाबूच्या तहाने. मंदिर पुरं झाल्यावर छप्पन्न वर्षांनी. जे घडलंच नव्हतं ते पाथरवट कसं कोरणार? हे विचारायला तक्त्यात रकाना नाही.

मुलगी त्याच्यानंतर आली. वनस्पतिशास्त्र शिकलेली, आवाज बारीक. तिने आधी गेंड्याचं नावही घेतलं नाही. टॉर्च आडवा धरला आणि विचारलं, "काय काय दिसतं?" आणि खरंच थांबली. मी मोजले, सात आकडे झाले. मग एक आजी म्हणाल्या, साखळी. कुणी म्हणालं, कपडे आपल्याकडचे नाहीत. लोकच बोलू लागले.

मग ती म्हणाली, इंग्रजांनी बंगाल बांधला असा अर्थ बरेच जण लावतात, आणि बंगालपुरता तो बसतो. प्लासी १७५७, दिवाणी म्हणजे बंगालच्या महसुलाचा हक्क १७६५, मंदिर १७७०. आसाम बसत नाही. शिवाय गेंडा म्हणजे आसाम हा आपला आजचा नकाशा आहे. तेव्हा गेंडे गंगेच्या खोऱ्यातही होते, आणि बाबराने तर ते पार पेशावरकडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. मग पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये पुण्यातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काढलं, ते हे. कागद फिरू लागला. तो फिरत असतानाच तिने सांगितलं की हे चित्र मंदिरानंतर वीस वर्षांनी काढलेलं आहे, त्यामुळे हाच तो गेंडा असं म्हणता येत नाही. स्वतःच आणलेल्या पुराव्याची मर्यादा न विचारता सांगणारे गाइड मला फार भेटलेले नाहीत.

अकराव्या मिनिटाला पेठेतलेच एक काका तडकले. "ताई, म्हणजे आम्ही लहानपणापासून ऐकतोय ते खोटं?"

"खोटं नाही म्हणणार, काका. त्यातला बंगाल मला पटतो, आसाम पटत नाही. शिल्पात काय दिसतं ते मी सांगू शकते. करणाऱ्याच्या मनात काय होतं, त्याचा कागद माझ्याकडे नाही."

काकांनी हात पुढे केला. तिने टॉर्च दिला. त्यांनी तो तिच्यासारखाच आडवा धरला आणि बघत राहिले. ती एक शब्द बोलली नाही. जादाचा सगळा वेळ त्यात गेला.

सहपरीक्षकांनी शेरा लिहिला, "गटावरचा ताबा सुटला." त्यांचं म्हणणं सरळ चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. मागचे दोघे फोनमध्ये शिरले होते आणि एक बाई मुलाला घेऊन कडेला गेल्या होत्या. आमच्या फेरीत सहा थांबे असतात. प्रत्येकी चार मिनिटं वाढली तर चोवीस मिनिटं होतात, आणि मग बळी जातो शेवटच्या थांब्याचा. शिवाय तिच्याकडे सूत्रवाक्य नव्हतं, हेही खरं. तीन अर्थ एकापुढे एक ठेवले, त्यांना बांधणारं वाक्य नाही. "दिसतं ते एक आणि आपण वाचतो ते एक" एवढं जरी सुरुवातीला म्हणाली असती तरी मागच्या दोघांना धागा सापडला असता.

पण ती चूक तिच्याइतकीच आमची आहे. बत्तीस तासांच्या अभ्यासक्रमात नक्की नसलेली गोष्ट कशी सांगायची याला आम्ही जेमतेम दीड तास देतो. नुसती माहिती म्हणजे इंटरप्रिटेशन, म्हणजे अर्थ उलगडून दाखवणं, नव्हे, हे या विषयावर लिहिणाऱ्या अमेरिकन फ्रीमन टिल्डनचं १९५७ मधलं वाक्य प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिलं जातं. त्याच तत्त्वाचा पुढचा भाग, की माहितीवाचून इंटरप्रिटेशन होतच नाही, तो कुणी लिहीत नाही. आणि बाहेर रील बघून आलेल्या लोकांना ठाम वाक्य हवं असतं, ते दिलं की टाळी मिळते.

आता पुढच्या तुकडीपासून मी एक गोष्ट सक्तीची करणार आहे. टिपणाच्या कार्डावर प्रत्येक वाक्यापुढे समासात खूण करायची: "दि" म्हणजे दिसतं, "लि" म्हणजे लिहिलेलं आहे, "म्ह" म्हणजे म्हणतात. बोलताना ती खूण ऐकू आली पाहिजे. परीक्षेनंतर त्या मुलाचं कार्ड मी मागून घेतलं आणि अशा खुणा करून पाहिल्या. अकरा वाक्यांत सात "म्ह" निघाले, आणि ते सातही तो "लि"सारखे बोलला होता. त्याला मी ते दाखवलं तेव्हा तो खूप वेळ कार्डाकडे बघत राहिला. हुशार आहे, सुधारेल. पण त्याचं प्रमाणपत्र छापायला गेलंय.

मुलीची फेरपरीक्षा येत्या रविवारी आहे, त्याच थांब्यावर. काय गाळू, असं तिने विचारलं. बाबर गाळ, चित्र ठेव, आणि "दिसतं ते एक" हे वाक्य पहिल्या मिनिटात आण, असं सांगितलं. सहपरीक्षकांची सूचना आहे की टॉर्च पाहुण्याच्या हाती द्यायचा नाही. मी तिला दोन टॉर्च आणायला सांगितलंय.