काय केलंस गं, एवढी बारीक झालीस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी "काही नाही गं, कामाची धावपळ" म्हणून वेळ मारून नेते. लेडीज डब्यात, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत प्रश्न हाच. विचारणारीचा मोबाइल तयार असतो, डाएटचं नाव टिपून घ्यायला.

डाएट नव्हतं हो. उलट बकासुरासारखी जेवत होते. रात्री अकराला गूळ-पोळी, पहाटे उठून बिस्किटं. तरी चार महिन्यांत ६४ वरून ५५ किलोवर आले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. माळ्यावर टाकलेले ब्लाउज परत बसू लागले. मुलुंडला गाडीत चढले की तिघी बसलेल्या सीटवरून कोणीतरी हाक मारायची, "ये गं, तू मावशील!" चौथी सीट न मागता मिळणं म्हणजे काय, ते मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको.

त्या वर्षी गणपतीत मोदक करायला बसले आणि बोटं ऐकेनात. पारीला कळ्या पाडताना चिमूट धरावी तर बोट निसटायचं. एरवी माझ्या मोदकाला ११ कळ्या येतात. त्या दिवशी जेमतेम सहा, त्याही वेड्यावाकड्या, आणि दोन पाऱ्या फाटून सारण ताटात. सासूबाई म्हणाल्या, उकड नीट मळली गेली नाही. मीही तेच धरून चालले. घाम यायचा, पण ऑक्टोबरात मुंबईत घाम न येणारा माणूस मला दाखवा. स्टेशनचा पूल चढताना छाती धडधडायची, ती वयावर ढकलली. दिवसातून तीनचारदा पोट साफ व्हायचं, ते बाहेरच्या पाण्यावर. केस गळून मोरीच्या जाळीत गुंता व्हायला लागला, तेव्हा केमिस्टकडून बायोटिनच्या गोळ्या आणल्या. दिवाळीच्या फोटोत माझे डोळे वटारल्यासारखे आले, बुबुळाच्या वर पांढरं दिसत होतं. मुलगा म्हणाला, "आई, तू फोटोग्राफरवर चिडली होतीस का?"

जवळच्या डॉक्टरांकडे गेलेच नाही असं नाही. वय ४५, पाळी मागेपुढे, झोप नाही, चिडचिड. त्यांनी मेनोपॉजचं निदान केलं आणि झोपेची गोळी दिली. नाडीला हात लावला नाही. राग आजही येतो, पण निम्मा स्वतःवर. वजन उतरलंय हे मीही त्यांना तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, मिरवल्यासारखं सांगितलं होतं.

आजार पकडला तो रक्तदान शिबिरात. जानेवारीत ऑफिसात शिबिर होतं. टेबलावरच्या मुलीने मनगट धरलं, घड्याळ बघितलं, पुन्हा धरलं. "मॅडम, जिना चढून आलात का?" मी अर्धा तास खुर्चीतच बसले होते. नाडी ११८. रक्तदात्याची १०० च्या आत लागते. तिने माझा फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाली, रक्त नंतर द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.

मग एंडोक्रिनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. त्यांनी हात सरळ पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद नुसता हलत नव्हता, फडफडत होता. मला मोदक आठवले. मग पाण्याचा घोट गिळायला सांगून गळ्याकडे बघत राहिले, गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं. मग विचारलं, "केसांची गोळी चालू आहे?" बऱ्याच लॅबच्या तपासणीची पद्धतच अशी असते की जास्त बायोटिन पोटात असेल तर टीएसएच (थायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीला हुकूम देणारं हार्मोन) खोटंच कमी आणि टी३-टी४ (त्या ग्रंथीची स्वतःची हार्मोन्स) खोटंच जास्त दिसू शकतात. म्हणून गोळी बंद, आठवड्याने रक्त. रिपोर्ट तरीही तोच : टीएसएच ०.०१ च्याही खाली, टी३-टी४ चढलेले. अँटिबॉडीही निघाल्या. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी टीएसएच पाठवून थायरॉइडला कामाला लावते. माझ्या शरीरात या अँटिबॉडी टीएसएचचं सोंग घेऊन ग्रंथीला चोवीस तास राबवत होत्या. पिट्युटरी बिचारी केव्हाच गप्प बसली होती.

आजाराचं नाव ग्रेव्हज. मुलाने त्याचा अर्थ कबरी असा लावला आणि रडकुंडीला आला. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज नावाच्या डॉक्टरने १८३५ मध्ये याचं वर्णन केलं होतं, एवढंच, हे त्याला पटवायला एक संध्याकाळ गेली. बाकीच्यांचं वेगळंच. "थायरॉइड? मग तू जाड कशी नाहीस?" कोबी सोड, फ्लॉवर सोड, सैंधव खा, असे सल्ले आले, तेही बहुतेक उलट आजाराचे, म्हणजे मंद थायरॉइडवाल्यांचे.

गोळ्या दोन. धडधड आणि थरथर आवरायला प्रोप्रानोलॉल, तिचा गुण दोन दिवसांत आला (दमा असेल तर ही चालत नाही, डॉक्टरांना सांगा). खरी गोळी कार्बिमाझोल, तिने मात्र तीन-चार आठवडे काहीच केल्यासारखं वाटेना. कारण ती नवं हार्मोन बनणं थांबवते, साठलेल्याला हात लावत नाही. गिरणीला टाळं लागलं तरी गोदामातला माल संपेपर्यंत बाजारात येणारच. टी४ जागेवर आल्यावरही टीएसएच कित्येक महिने पडलेलंच राहिलं. मी घाबरले, डॉक्टर नाही घाबरले.

एक गोष्ट त्यांनी चिठ्ठीवर लाल पेनने लिहून दिली होती : ताप आला किंवा घसा दुखला तर कार्बिमाझोल त्याच दिवशी बंद, आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी. क्वचित कोणाच्या पांढऱ्या पेशी या गोळीने एकदम खाली येतात. जुलैत भिजून घसा धरला, तेव्हा रात्री नऊला छत्री घेऊन लॅब शोधत फिरले. पेशी ठीक निघाल्या. उगाच गेले असं तेव्हाही वाटलं नाही.

रेडिओआयोडिनचाही, म्हणजे ग्रंथीच्या पेशी मारणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडिनचाही, पर्याय होता. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, तिथली माहिती काढली. पण त्यानंतर बऱ्याच जणांची ग्रंथी मंदावते आणि थायरॉक्सिन (टी४ ची गोळी) जन्मभर घ्यावं लागतं. मी आधी गोळ्याच घेते म्हटलं. १८ महिने घेतल्या. गोळ्या थांबल्यावर सुमारे निम्म्या लोकांत हा परत डोकं वर काढतो, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त देते. सध्या तरी शांत आहे. नाडी ७४, आणि यंदा कळ्या नऊपर्यंत आल्या.

वजन मात्र सात किलो परत आलं. डब्यातला प्रश्न बदलला : "काय गं, परत सुटलीस?" हो म्हणते. चौथ्या सीटसाठी आता मागावं लागतं, आणि मिळाली तरी अर्धी मांडी बाहेरच असते.