खिशातला हत्ती

जाहिरातीचं पत्रक कोणीही चुरगळून फेकतो, पैसा मात्र कोणी फेकत नाही. लंडनच्या गिल्बर्ट पिडकॉकला ही गंमत १७९० च्या दशकातच कळली होती. स्ट्रँड या रस्त्यावरच्या एक्झेटर चेंज या इमारतीत, खाली दुकानं आणि वरच्या मजल्यावर वाघ-सिंह, असा त्याचा प्राणीसंग्रह होता. डरकाळी फुटली की म्हणे रस्त्यावरचे घोडे बिथरत. याहून मोठी जाहिरात काय हवी? तरी पठ्ठ्याने तांब्याची टोकनंही पाडून घेतली, म्हणजे प्राण्यांची चित्रं असलेल्या नाण्यांसारख्या चकत्या.

तेव्हा इंग्लंडात सुट्ट्या पैशांची बोंब होती. सरकारी टांकसाळ तांब्याची नाणी पाडायला फारशी राजी नव्हती, म्हणून व्यापारी स्वतःचीच अर्धा पेनी आणि फार्दिंग (पाव पेनी) काढत आणि लोक ती मुकाट्याने चालवत. पाव घेताना सुटे म्हणून पिडकॉकचं टोकन हाती आलं, की घरी हत्ती हजर!

त्यातलं एक मला फार आवडतं. वाटोळं, इंचाहून जरासं मोठं. एका बाजूला भरभक्कम हत्ती, कडेने मालकाचं नाव. उलटवा, तर दोन डोक्यांची गाय! गेंडा, कांगारू, झेब्रा यांचीही टोकनं आहेत, पण मालकाला गिऱ्हाईक बरोबर ठाऊक होतं. हत्तीपुढे तोंडात बोट घालणारी माणसं दोन डोक्यांच्या गायीपुढेही तेवढीच गर्दी करतात. जत्रेतला तंबू आठवला असेलच.

गेंडा आपल्याकडचा, हिंदुस्थानातून गेलेला. पिडकॉकने तो ७०० पौंडांना घेतला. या गेंड्याला गोड वाइन फार प्रिय होती, असं लिहून ठेवलंय. १७९३ मध्ये तो गेला.

पुढे संग्राहकांची झुंबड उडाली, तेव्हा टोकनं पाडणाऱ्यांनी मुद्दाम ठशांची अदलाबदल केली: एकाची पुढची बाजू, दुसऱ्याची मागची. ‘दुर्मीळ’ तयार करण्याचा धंदा आजचा नाही तर!

पिडकॉक १८१० मध्ये गेला, प्राणीसंग्रह दुसऱ्यांच्या हाती राहिला. १८१३ मध्ये कवी बायरन तिथे गेला. हत्तीने त्याच्याकडून पैसा घेतला आणि परत दिला, टोपी काढली, दार उघडलं. असा खानसामा आपल्याला हवा, असं बायरनने रोजनिशीत लिहिलं. घेतलेला पैसा परत करणारा त्या इमारतीत तोच एकटा असणार.