अलिबागहून परतलो तर गाडी मेलेली: गिरगाव–कुर्ला–मुलुंड, पाच दिवसांचा हिशेब

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या, गाडीच्या डॅशबोर्डवर एकदम सहा-सात दिवे लागले आणि समोरच्या माणसाने मीटर हातात न घेताच ‘मोठी बॅटरी गेली’ असं सांगितलं, तर गाडी तिथे ठेवू नका. मला हे समजेपर्यंत पाच दिवस गेले आणि १६,७०० रुपये गेले. ४,१०,००० जायचे होते, ते भाच्यामुळे वाचले. कुणावर तरी हीच वेळ येईल म्हणून सगळं लिहिते आहे.

आधी गाडीबद्दल. जपानी बनावटीची मोठी एसयूव्ही, सेकंडहँड घेतलेली. साडेतीन लिटरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन, मागच्या सीटखाली २८८ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, आणि डिकीत उजव्या पॅनलआड १२ व्होल्टची छोटी बॅटरी. झाल्या प्रकारात गाडीचा दोष शून्य आहे. दोष आम्ही तिच्यात नंतर जे बसवून घेतलं त्याचा आहे. दिवाळीत दक्षिण मुंबईतल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून पुढे-मागे कॅमेऱ्याचा डॅशकॅम, दारांत रंगीत लाइटच्या पट्ट्या, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि लेदरचे घट्ट सीट कव्हर करून घेतले होते. ‘एकही वायर कापणार नाही, सगळं कपलर टू कपलर’, म्हणजे नुसतं प्लगला प्लग जोडून, हे दुकानदाराचे शब्द. ते खोटे होते.

मे महिन्यात अलिबागला जायचं ठरलं. आत्या गिरगावात राहते. चाळ पाडून झालेल्या टॉवरला दोन मजली तळघर आहे, तिथे गाडी लावली आणि गेटवेवरून कॅटामरानने मांडव्याला गेलो. अलिबागचे चार दिवस छान गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

गुरुवारी संध्याकाळी परत आलो, सामान घेऊन तळघरात उतरलो, तर गाडी हूं की चूं करेना. रिमोट नाही, हँडलला हात लावून दार उघडत नाही, डिकी उघडत नाही. आणि बॅटरी डिकीत! सासूबाई सोबत, त्यात मोबाइलला रेंज नाही, तळघरात घामाच्या धारा. पहिला दीड तास डिकी कशी उघडायची यातच गेला. तो तुमचा जाऊ नये म्हणून नीट वाचा. रिमोटच्या पोटात एक साधी धातूची किल्ली असते, तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. बॉनेटचा खटका तारेवर चालतो, त्याला वीज लागत नाही. बॉनेटखाली फ्यूज बॉक्समध्ये लाल टोपीखाली जंप करण्यासाठी वेगळं टर्मिनल दिलेलं असतं. केबलचा प्लस तिथे, मायनस इंजिनजवळच्या रंग नसलेल्या धातूवर. डिकी उघडायची गरजच नसते. मात्र प्लस-मायनस उलटे लागले तर मुख्य फ्यूज जातो, आणि छोटी बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टरही जाऊ शकतो. शेजारच्या गाडीवाल्याने घाईघाईत केबल आणली तरी हात धरून थांबवा, मोबाइलचा टॉर्च लावा, खुणा वाचा, मगच लावू द्या.

ढकलून गाडी वर काढण्याचा विचार सोडा. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक विजेशिवाय सुटत नाही. तळघराच्या रॅम्पला उंचीची मर्यादा असते, त्यामुळे फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, आत येत नाही. आणि दोन चाकं उचलून ओढत नेणाऱ्या साध्या टोइंगला अशा गाडीला हात लावू देऊ नका. चाकं फिरली की त्यांना जोडलेल्या मोटरही फिरतात आणि वीज तयार करायला लागतात. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मागेही मोटर असते. चारही चाकं जमिनीवरून वर, हे टोइंगवाल्याला फोनवरच सांगायचं.

वॉचमनकाकांनी एका फिरत्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत गाडी जागी केली आणि ३,५०० रुपये घेतले. रात्रीचे साडेदहा वाजले होते, सासूबाई लॉबीत खुर्चीवर पेंगत होत्या, मी दिले. हजाराच्या वर देऊ नका. गाडी सुरू झाली पण डॅशबोर्ड लाल-पिवळा झालेला: ब्रेक, एबीएस, ‘हायब्रिड सिस्टिम तपासा’. तो म्हणाला, ‘मॅडम, हे मोठं काम आहे, कुर्ल्याला माझ्या ओळखीच्या गॅरेजला न्या.’ इथे मी चुकले. गाडी चालत होती, तर ती सरळ मुलुंडला घरी न्यायला हवी होती.

आता कुर्ला. सीएसटी रोडचा कापडिया नगरच्या आसपासचा पट्टा जुन्या स्पेअर पार्टसाठी प्रसिद्ध आहे. आरसा, बंपर, दाराचं हँडल हवं असेल तर जरूर जा, निम्म्या किमतीत मिळतं, आणि तिथे हाताने पत्रा सरळ करणारे उत्तम कारागीर आहेत. पण हायब्रिडचा इलेक्ट्रिकल फॉल्ट घेऊन ओळखीशिवाय जाऊ नका. शुक्रवारी सकाळी सांताक्रुझ–चेंबूर लिंक रोडवरून खाली उतरल्यापासून गॅरेजपर्यंतचं जेमतेम अंतर कापायला पाऊण तास लागला. दोन्ही बाजूंना गाड्या, मधे ट्रक, धूळ, आणि माझं सगळं लक्ष त्या लाल दिव्यांकडे. तो पाऊण तास अजून अंगावर येतो.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. त्याचे २,५०० रुपये. स्क्रीन माझ्यासमोर दोन सेकंद धरली, खूप लाल अक्षरं, आणि निकाल: हायब्रिड बॅटरी गेली, ४,१०,०००, दोन दिवसांत निर्णय द्या, नाहीतर इंजिनलाही त्रास होईल. मी कोडचा, म्हणजे गाडीने नोंदवलेल्या बिघाडांच्या क्रमांकांचा, फोटो मागितला. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही.’ हे वाक्य कानावर पडलं की उठा. कोड तुमच्या गाडीचे आहेत, स्कॅनचे पैसे तुम्ही दिलेत. मी उठले नाही, कारण आदल्या रात्री झोप नव्हती आणि तेवढ्यात गाडी पुन्हा बंद पडली. मग ‘तात्पुरती’ म्हणून त्याने नवीन १२ व्होल्टची बॅटरी घातली, ७,२०० रुपये, वर ३,५०० मजुरी. शनिवारी दुपारी भांडून गाडी बाहेर काढली.

घाटकोपर येईपर्यंत गाडीत सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. काचा खाली करून घर गाठलं. भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आहे, तो संध्याकाळी आला, डिकीचं पॅनल काढलं आणि म्हणाला, ‘मावशी, ही साधी अ‍ॅसिडची बॅटरी आहे, आणि वाफ बाहेर नेणारी नळी लोंबतेय.’ माणसं बसतात त्याच जागेत बॅटरी असल्यामुळे या गाड्यांत एजीएम जातीची सीलबंद बॅटरी आणि तिचा वायू गाडीबाहेर सोडणारी नळी असते. साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, जास्त चार्ज झाली तर तो घाण वासही. तो पेट घेणारा वायू बंद गाडीत, आणि मागे सासूबाई बसलेल्या. या एका गोष्टीचा मला अजून राग येतो. पैशांचा तितका नाही.

आता मूळ गोष्ट, जी मला कुणी आधी सांगायला हवी होती. हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची बॅटरी इंजिनचा सेल्फ मारत नाही. ती फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडते. ‘रेडी’ दिवा लागल्यावर पुढचं काम मोठी बॅटरी पाहते. अल्टरनेटर नसतो, एक कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतली वीज उतरवून छोटीला चार्ज करतो, तोही फक्त ‘रेडी’ असताना. म्हणून छोटी बॅटरी अर्धमेली झाली की सगळे कॉम्प्युटर अर्धवट जागे होतात, एकमेकांना सापडत नाहीत, आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावतो. दिवे सात, पण दुखणं बहुतेक वेळा एकच.

भाच्याच्या ब्लूटूथ स्कॅनरवर कोड पाहिले. मोठी बॅटरी बदलायला सांगणारा पी०ए८० नव्हताच. होता तो पी०५६०, म्हणजे व्होल्टेजची तक्रार, आणि संपर्क तुटल्याचे बरेचसे. मोठ्या बॅटरीचे सगळे ब्लॉक व्होल्टेजला एकमेकांच्या अगदी जवळ. ती ठणठणीत होती.

मग करंट कोण पितंय ते शोधणं. यासाठी रविवार फुकट गेला, कारण लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. सोमवारी ट्रेनने गेले. गाडी घेऊन तिथे जाऊ नका, ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला चालत जा. क्लॅम्प मीटर (वायर न कापता तिच्याभोवती लावून करंट मोजणारा) घेताना ‘डीसी’ क्लॅम्प मागा आणि मिलिअँपिअर दाखवतो का ते दुकानातच तपासा. स्वस्तातले बहुतेक फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेचा, करंट मोजतात, गाडीला त्यांचा उपयोग नाही.

मोजायची रीत अशी. बॉनेट उघडा, पण त्याचा आणि डिकीचा खटका स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केल्यासारखा करा, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल. रिमोट दूर घरात ठेवा, जवळ असला तर गाडी पुन्हा पुन्हा जागी होते. मग पाऊण तास थांबा. घाई केली तर आकडा खोटा येतो. बॅटरीच्या केबलभोवती क्लॅम्प लावल्यावर आमचा आकडा आला ३८० मिलिअँपिअर. झोपलेल्या गाडीने ५० च्या आत राहायला हवं. आमच्या ४५ अँपिअर-अवर बॅटरीतून रोज ९ अँपिअर-अवरच्या वर जात होते. चार दिवसांचे ३६. अलिबागचे चार दिवस म्हणजे गाडीचा जीव जाण्याइतकेच होते.

फ्यूज उपसून बघत बसू नका, त्याने झोपलेले कॉम्प्युटर जागे होतात. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यावर मीटर मिलिव्होल्टला ठेवून टेकवा. जिथे शून्याऐवजी काही दिसेल त्या फ्यूजमधून करंट जातो आहे. डॅशकॅम कायम चालू असलेल्या लाइनवर जोडलेला निघाला, पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग) सुरू, २६० मिलिअँपिअर. लाइटच्या पट्ट्यांचा कंट्रोलर ८५. बाकी गाडी स्वतः ३५, म्हणजे निर्दोष.

पट्ट्यांची वायर डाव्या दाराच्या पायरीखालून नेली होती. पॅनल उचललं तर गाडीच्या मूळ हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) वायर छिलून, पिळून, वर काळी टेप. टेपेचा गोंद उन्हाने वितळलेला, तांबं हिरवं पडलेलं. मुंबईच्या दमट हवेत उघडा जॉइंट सहा महिनेही टिकला नव्हता, पावसाळा तर अजून यायचा होता. तिथे सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवली. पट्ट्या काढून टाकल्या. तुम्हीही काढा, त्यांचं काही काम नाही.

डॅशकॅम ठेवला, पण फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसवून वेगळी वायर काढून देणारा जोड) वापरून इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर. टॅप घेताना जुना फ्यूज सोबत न्या, मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो असे प्रकार आहेत आणि एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही. पार्किंग मोड पाहिजेच असेल तर डॅशकॅमला स्वतःची वेगळी बॅटरी द्या. अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग सीटच्या रंगवलेल्या बोल्टला दिलं होतं, ते रंग खरवडून बॉडीला घेतलं.

सीट कव्हरचं बोलायचं राहिलं होतं. मागच्या सीटखाली पुढच्या बाजूला जाळी आहे, तिथून केबिनमधली गार हवा मोठ्या बॅटरीला जाते. कव्हर शिवणाऱ्याने ती अर्धी झाकली होती. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये मागून पंख्याचा आवाज वाढलेला मी ऐकत होते, कारण उमगत नव्हतं. कव्हर तिथे कापलं, आवाज गेला. ज्यांच्या मुंबईतल्या हायब्रिडला कव्हर आहेत त्यांनी आज खाली वाकून बघा. ही जाळी बंद ठेवली तर ४,१०,००० चा खर्च एक दिवस खरोखर येईल.

नारिंगी रंगाची, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या विजेची, कुठलीही वायर दिसली की हात मागे. तिथे भाच्यानेही हात लावला नाही. ते काम १००० व्होल्टचे रबरी हातमोजे असलेल्या, शिकलेल्या माणसाचं. मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं द्यावी लागतात.

नवीन एजीएम बॅटरी १७,५०० ला बसली, नळी जागेवर लावून घेतली. ‘रेडी’ असताना १४ व्होल्टच्या आसपास, रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या वर, हे दोन आकडे बरोबर आले की निर्धास्त व्हा. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. लांब गावी जाणार असाल तर मागे राहणाऱ्या कुणाला आठवड्यातून एकदा गाडी तासभर ‘रेडी’ ठेवायला सांगा, पण उघड्यावर. इंजिन मधेच आपोआप सुरू होतं, बंद तळघरात तो धूर जीव घेईल. मुलांना क्लासवरून आणताना नुसतं अ‍ॅक्सेसरीवर गाणी लावून बसू नका, त्या वेळी चार्जिंग होत नसतं.

जंप स्टार्टर पॅक घेतला आहे. तो घरात ठेवते आणि लांब जाताना पर्समध्ये टाकते. डिकीत ठेवू नका, लागेल तेव्हा डिकी उघडणार नाही.