माणूस तोच, काम वेगळं

टीम लीड झाले तेव्हा मी मनात एक हिशोब पक्का करून टाकला होता. नवीन लोकांना हाताला धरून शिकवायचं आणि अनुभवी लोकांना मोकळं सोडायचं. ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना? बरीच वर्षं असंच चालवलं आणि त्यात एका फार चांगल्या माणसाचे दोन महिने मी वाया घालवले, म्हणून हे लिहितेय.

आमच्या टीममध्ये एक सर आहेत, वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे. टेस्टिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मग त्यांच्याकडे क्लायंटशी बोलायचं काम आलं, म्हणजे दर आठवड्याचा कॉल, स्टेटस मेल, तक्रारी ऐकणं आणि तारीख पुढे जाणार असेल तर ते सांगणं. मी म्हटलं, "सर, तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही घ्याल बघून." मला खरंच वाटत होतं की मी त्यांना मान देतेय. ते दोनतीनदा माझ्या डेस्कपाशी आले, "मॅडम, हे एवढं जरा बघता का," आणि मी दरवेळी हसून सांगायचे की तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, पाठवून द्या.

एक दिवस दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या शेजारी बसले होते तर स्क्रीनवर ड्राफ्ट्सचा फोल्डर उघडा होता. एकाच मेलचे सात ड्राफ्ट. पहिल्यात "उशीर होणार आहे", मग "थोडा उशीर होण्याची शक्यता आहे", आणि शेवटच्या दोनात तर उशीर हा शब्दच नव्हता. तीन दिवस ते हेच करत बसले होते आणि तिकडे क्लायंट वाट बघत होता. माझा तो विश्वास त्यांच्या काहीच कामाचा नव्हता, त्यांना कोणीतरी बाजूला बसून पहिला मेल लिहून दाखवायला हवा होता.

मॅनेजमेंटचे अभ्यासक पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांची सिच्युएशनल लीडरशिपची, म्हणजे समोरच्याची तयारी बघून लीडरने आपली पद्धत बदलायची, ही कल्पना मी ट्रेनिंगमध्ये ऐकली होती, 1969 मधली, आधी सांगायचं मग पटवायचं मग सोबत ठरवायचं आणि शेवटी सोपवायचं, या चार पद्धतींची. पण त्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा मी सोडूनच दिला होता. माणसाची तयारी ही त्या त्या कामापुरती मोजायची असते, अख्ख्या माणसाची नाही. म्हणजे टेस्टिंगमध्ये ज्याला सगळं सोपवून द्यायचं, क्लायंट कॉलला तोच माणूस पहिल्या दिवसाचा असू शकतो. या थिअरीवर आक्षेपही बरेच आहेत. 1987 मध्ये रॉबर्ट व्हेकियो या संशोधकाने हायस्कूलच्या शिक्षकांवर ती तपासली तेव्हा नवीन रुजू झालेल्यांच्या बाबतीत ती जास्त पटण्यासारखी निघाली, बाकीच्यांच्या बाबतीत तेवढी नाही. त्यामुळे मी ती गणितासारखी वापरत नाही, पण कामागणिक विचार करायची सवय मात्र तिनेच लावली.

मग आम्ही रीतसर सुरुवात केली. पहिले दोन कॉल मी बोलले, सर ऐकत होते. तिसऱ्याला अर्धं त्यांनी, अर्धं मी. त्यानंतर मी कॉलवर असायचे पण म्यूटवर, आणि खरं सांगते, गप्प बसणं हे मला बोलण्यापेक्षा जड गेलं, कारण ते अडखळले की माझा हात आपोआप माउसकडे जायचा.

याच्या अगदी उलट चूक मी एका मुलाबरोबर केली. तो जॉइन झाला तेव्हा मी रोज संध्याकाळी त्याचं काम बघायचे, आणि तेव्हा ते गरजेचंच होतं. पण वर्ष झालं, दीड वर्ष झालं तरी मी बघतच होते. तो तयार झालाय हे मला कळलंच नाही, कारण मी बघायचं थांबलेच नव्हते. मग मी चार दिवस सुट्टीवर गेले आणि परत येऊन बघते तर त्याचं काम जिथल्या तिथे. विचारलं तर म्हणाला, "तुम्ही ओके म्हणाल्याशिवाय पुढे कसं जाणार?" मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकाच्या शेवटी दहाएक वर्षांच्या मुलांचे गट करून प्रयोग केले होते, त्यात हुकूम सोडणारा लीडर खोलीबाहेर गेला की त्या गटाचं काम एकदम खाली यायचं आणि जिथे मुलांनी मिळून ठरवलेलं असायचं तिथे ते बऱ्यापैकी चालू राहायचं. मी कधी कोणावर आवाज चढवला नाही, पण परिणाम तोच झाला.

प्रसंगाप्रमाणेही बदलावं लागतं. सिस्टिम बंद पडलीये आणि लोक खोळंबलेत तेव्हा "तुम्हाला काय वाटतं" विचारत बसायचं नाही, कोण काय करणार हे दोन वाक्यात सांगायचं. पण सगळं सुरळीत झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये तोच सूर ठेवला तर खरं कारण कोणी बोलत नाही, म्हणून तिथे मी सगळ्यात शेवटी बोलते.

यात एक अडचण येते आणि ती खरी आहे. लोक म्हणतात, त्याला मोकळीक आणि माझ्या मागे रोज फॉलोअप, असं का? मला हे फार लागायचं. आता मी काम देतानाच उघड बोलते की या कामात सुरुवातीला मी रोज विचारणार आहे, कारण हे तू पहिल्यांदा करतोयस, दोनदा नीट झालं की थांबेन. आणि सांगितल्याप्रमाणे खरंच थांबते. सुट्टी, श्रेय, अप्रायझलचे निकष हे मात्र सगळ्यांना एकच, तिथे माणूस बघून काही बदलत नाही.

हल्ली नवीन काम आलं की मी आधी विचारते, हे याआधी केलंय का आणि माझी किती मदत लागेल. गेल्या आठवड्यात सरांना विचारलं तर लगेच म्हणाले, "क्लायंटचं माझं मी बघतो मॅडम, पण त्या नवीन मुलीचा रिव्ह्यू मी घेणार आहे ना, तो पहिल्यांदाच घेतोय, तेव्हा बसाल का माझ्यासोबत?"